बांधावरचा रस्ता

आमच्या कॉलेजात झाडं लावायचे खड्डे ठरलेले होते. कंपाउंडच्या भिंतीलगत, सायकल स्टँडच्या मागे. दर जुलैत त्यांत रोपं लागत, मार्चपर्यंत ती वाळत आणि पुढच्या जुलैत जुनी काटकी उपटून त्याच खड्ड्यांत नवी रोपं लागत. शिपाई आदल्या दिवशी पाणी मारून माती मऊ करून ठेवायचा, पाहुण्यांच्या हाताला त्रास नको म्हणून. मग फोटो, मग घोषणा, मग चहा-बिस्किटं. या सगळ्याला आम्ही पर्यावरण म्हणायचो. पुढे मी स्वतः कॉलेजात शिकवायला लागले आणि तशाच खड्ड्यांभोवती उभी राहून टाळ्या वाजवू लागले, त्यामुळे हसायचा अधिकार मला फारसा उरलेला नाही. हसू येतही नाही म्हणा.

आम्ही भिवंडीत निजामपुऱ्याच्या कडेला राहायचो. वडील कचेरीत कारकून, आई शाळेत बाई. घराच्या तिन्ही बाजूंना लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, होते. भिंतीला पाठ टेकली की पाठ थरथरायची. लोडशेडिंगमध्ये लूम बंद पडले की त्या शांततेनं शेजारची तान्ही बाळं दचकून रडायला लागायची. सुताला खळ लावायच्या कारखान्यांतून बॉयलरचा धूर यायचा, त्यात लाकडाबरोबर चिंध्या, रबर, मिळेल ते जळायचं. पांढरे कपडे गच्चीवर वाळत घालायची आमच्या आळीत पद्धतच नव्हती. अशा घरात बसून मी 'प्रदूषण : एक समस्या' या विषयावर निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळालं होतं. निबंधात गंगा होती, ताजमहाल होता, ओझोनचा थर होता. आमचं गटार नव्हतं.

पर्यावरण हा विषय आमच्या वेळेस नुकताच सक्तीचा झाला होता आणि त्याला प्रकल्प होता. बहुतेक वर्गांत तेच व्हायचं. कुणी प्लॅस्टिकबंदीची पोस्टरं करायचं, कुणी पथनाट्य. त्या वर्षी मात्र आमच्या वर्गात सरांनी विचारलं, "नवीन काही आहे का कुणाकडे?" आणि माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण उभी राहिली. वर्गात ती सहसा तोंड उघडत नसे. ती अंजूरकडच्या एका खाडीकाठच्या गावातून रिक्षानं यायची. गावची भाषा ती कॉलेजच्या गेटबाहेर ठेवून यायची, पण रागावली की "न्हाय" निघून जायचं आणि मुलं हसायची. त्या दिवशी ती म्हणाली, "सर, आमच्या गावचा बांध फुटलाय. तो बांधायचाय." कुणी हसलं नाही, कारण ती काय म्हणते आहे हे कुणालाच कळलं नव्हतं.

मला ते आधीच माहीत होतं. ज्या वर्षी मुंबई पाण्यात गेली त्याच वर्षी त्यांच्याकडे पावसाचं पाणी आणि खाडीचं उधाण एका वेळी आलं आणि खारबांध फुटला. खारबांध म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये घातलेला मातीचा बांध. त्याला एका ठिकाणी उघाडी असते, म्हणजे दगडी चौकटीत बसवलेली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं, भरती आली की खाडीचंच पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. बांध फुटला तेव्हा खारं पाणी दिवसातून दोनदा तिच्या वडिलांच्या शेतात येऊन जाऊ लागलं.

तिचे वडील गरीब म्हणावेत असे नव्हते. वरची जमीन गोडाऊनला भाड्यानं गेली होती, त्यावर घर व्यवस्थित चालायचं. भावांनी तर सगळंच देऊन टाकलं होतं आणि काचेच्या खिडक्यांचे, गुळगुळीत पायऱ्यांचे बंगले उठवले होते. हे मात्र खाडीलगतचं शेत धरून बसले होते, आणि कारण विचाराल तर एकच सांगत. त्या खाऱ्या जमिनीत लाल तांदूळ यायचा, त्याला ते राता म्हणत. तो घरी शिजायचा. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला ताट वाढताना ते म्हणाले होते, "विकतच्या तांदळानं जेवण होत न्हाय, पोरी. पोट भरतं फक्त."

बांध फुटल्यावर त्यांनी जुन्या रीतीनं गावाला हाक घातली. रीत अशी की बांध फुटला की घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा, मग शेत कुणाचंही असो. या वेळी कुणी आलं नाही. ज्यांची शेतं गेली त्यांना बांधाशी काय देणंघेणं? कडक पांढऱ्या कपड्यांतले पुतणे म्हणाले, "काका, आता कशाला? माणसं लावा न्हायतर भराव टाका." दोन पैसे जास्त देऊनही खाडीच्या चिखलात उतरायला मजूर तयार होईनात, त्यांना गोडाऊनमध्ये सावलीतली हमाली मिळत होती. तेव्हा ते मुलीला म्हणाले की येत्या पावसाळ्याच्या आत बांध मिटला, म्हणजे भरून निघाला, तर शेत ठेवीन, न्हाय मिटला तर देऊन टाकीन. त्यांच्या तोंडून देऊन टाकीन हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. ती रात्रभर झोपली नाही असं तिनं मला सांगितलं, आणि सकाळी रिक्षात बसल्याबसल्या तिला आम्ही आठवलो. घरटी एक माणूस येत नाही ना, मग वर्गातला एकेक माणूस नेऊ.

सर घाटावरचे. वयानं तरुण, स्वभावानं उत्साही, काही करून दाखवायची हौस असलेले. त्यांच्या अंगात खोट नव्हती, हे मी आजही सांगते. खोट असती तर गोष्ट सोपी झाली असती. त्यांनी प्राचार्यांची परवानगी आणली, हिवाळी शिबिर तिच्या गावात घ्यायचं ठरवलं आणि खर्चासाठी एक प्रायोजकही मिळवला. तो गोडाऊन बांधणारा एक शेठ होता. टोप्या त्याच्या, बॅनर त्याचं, जेवणाचा तांदूळ-डाळ त्याची. बॅनरवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'पर्यावरण संवर्धन शिबिर' आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. खाडीलगत, तिच्या वडिलांच्या शेताला लागून त्यानं जमिनी घेऊन ठेवल्या होत्या आणि तिथवर जायला रस्ता नव्हता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण बॅनरवर झाडाचं चित्र होतं ना, मग कुणाच्या डोक्यात शंका येणार? आपल्याकडे झाडाचं चित्र काढलं की माणसं विचार करायचं थांबतात.

गावात गेल्यावर पहिल्या दिवशी ती मला बांधावरून घेऊन गेली. बांध एवढा अरुंद होता की दोघींना शेजारी चालता येत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, जरा रुंद करून घ्यायचा होतास तुझ्या पूर्वजांना सांगून."

ती हसली. "मुद्दाम हाय तसा. डोईवर भारा घेऊन एक माणूस गेला पाहिजे, बस. बांधावर चाक चढवायचं न्हाय, असं आमच्याकडं सांगतात. लहान असताना चुलतभावानं सायकल चढवली होती, तर बापूसनं त्याला असला मारलाय."

"का पण?"

"कोणाला ठाऊक. न्हाय चढवायचं म्हणजे न्हाय."

मग ती पुढे गेली आणि मी तिच्या मागे. दोन्ही बाजूंना चिखल होता, तिवरांची झुडपं होती, ओहोटीच्या चिखलात इवले खेकडे आमची चाहूल लागली की बिळात घुसत होते. भिवंडीत राहूनही खाडी मी तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली.

त्या शिबिराचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते आणि हेच मला सहन होत नाही. ओहोटी लागली की आम्ही रांगेनं उभे राहायचो. पुढची मुलं चिखलाचे गोळे कापून द्यायची आणि ते हातोहात खांडीपर्यंत, म्हणजे बांध फुटला होता त्या जागेपर्यंत, जायचे. ज्या मुलींनी घरी कधी केरसुणी उचलली नव्हती त्या गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. मुलं-मुली एका रांगेत उभी आहेत म्हणून कुणी चावट बोललं नाही, कारण बोलायला दम नसायचा. सर पँट दुमडून आमच्याबरोबर उतरले होते. भरती चढायला लागली की आम्ही काठावर बसून पाहायचो, आपला चिखल टिकतो की जातो. पहिल्या वेळी गेला. दुसऱ्या वेळीही गेला. मैत्रिणीचा चेहरा पाहवत नव्हता. मग तिच्या वडिलांनी तिवराचे फाटे आणि पेंढा आत घालायला सांगितला, आम्ही पुन्हा भरलं, आणि एका संध्याकाळी भरतीचं पाणी त्या खांडीपाशी आलं, थोडा वेळ थांबलं आणि तसंच मागे गेलं. आम्ही ओरडलो नाही. आम्ही सगळे खाली बसलो. ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि ते तिच्या केसांतला चिखल बोटांनी काढत होते.

बांध मिटला की जेवण असतं. शेताचा मालक काम केलेल्यांना बांधावर पंगतीला बसवतो, स्वतः वाढतो आणि शेवटी एकेकापुढे जाऊन विचारतो, "बोला, काय पाहिजे?" ज्यानं बांधावर घाम गाळला त्यानं तेव्हा मागावं आणि मालकानं द्यावं. तिथं मागितलेल्याला नाही म्हणायचं नाही आणि तिथं दिलेलं परत घ्यायचं नाही. मागणारेही बेतानं मागत. कुणी उघाडीवरची एका दिवसाची मासळी मागे, कुणी पेंढ्याचा भारा. हे सगळं मला मैत्रिणीनं ताटावर बसल्याबसल्या कानात सांगितलं. राता तांदळाचा भात होता, घरातला शिलकीतला, खास आमच्यासाठी काढलेला. सोबत सुक्या बोंबलाची चटणी आणि माझ्यासारख्या भटुरड्यांसाठी, हा तिचाच शब्द, वालाची उसळ.

मैत्रिणीचे वडील, आम्हा सगळ्यांचे काका, विचारत विचारत येत होते. एका मुलानं जिवंत खेकडा मागितला, तो त्याला मिळाला. मुलींनी चिंचा मागितल्या. मी काही मागितलं नाही, मला लाज वाटली. मग ते सरांपुढे आले आणि त्याच शब्दांत म्हणाले, "बोला गुरुजी, काय पाहिजे?"

सरांना ही रीत माहीत नव्हती. त्यांना ते साधं अगत्य वाटलं. त्यांच्या डोक्यात वेगळाच घोर होता. समारोपाला प्राचार्य येणार होते, दोन-तीन मोठे पाहुणे येणार होते, त्यांना जिथं काम झालं ती जागा दाखवायची होती, आणि त्यातले एक गुडघ्यांनी अधू. सर मोकळेपणानं म्हणाले, "काका, एकच विनंती आहे. आपले शेठ बांधावर मुरूम आणि रॅबिट टाकून द्यायला तयार आहेत, फुकटात. जरा रुंद करून वरून रोलर फिरवतो म्हणाले. पाहुण्यांची गाडी इथपर्यंत येईल आणि तुमचा बांधही कायमचा पक्का होईल. तुमची हरकत नसेल तर."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिचा घास हातातच राहिला होता. पंगतीत बसलेल्या मुलीनं बापाला मध्ये टोकायचं नसतं, आणि ते तिचे सर होते, आणि त्यांच्या पायाला अजून खाडीचा चिखल लागलेला होता. काकांनी आजवर किती दलालांना ओट्यावर बसू दिलं नव्हतं. चहा न देता परत पाठवले होते. ते सगळे कोरड्या पायांनी आले होते.

काकांनी हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं. सरांकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. "दिला," म्हणाले, आणि पुढच्या मुलाला भात वाढायला लागले.

रॅबिटच्या गाड्या दुसऱ्याच दिवशी आल्या. पाडलेल्या चाळींच्या विटा, फरशांचे तुकडे, वर लाल मुरूम. एवढी तत्परता मी भिवंडीत कोणत्याही सरकारी वा खासगी कामात पाहिलेली नाही. समारोप झकास झाला. गाडी बांधावरून थेट खांडीपर्यंत आली. गुडघ्यांनी अधू असलेले पाहुणे गाडीतून उतरले, म्हणाले निसर्ग आपली आई आहे, आणि परत गाडीत बसले. बांधाच्या दोन्ही कडांना आम्ही नर्सरीतून आलेले गुलमोहर लावले. खाऱ्या मातीत गुलमोहर. ते पंधरवडाभर उभे राहिले असतील. मैत्रिणीला उत्कृष्ट स्वयंसेवकाची ढाल मिळाली आणि फोटोत ती ती ढाल पोटाशी धरून उभी आहे.

पुढचा पावसाळा चांगला गेला, हे सांगितलंच पाहिजे. पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन नेलं, उघाडीतून ते खाडीत गेलं, आणि दसऱ्याच्या सुमारास शेत पिकलं. विरळ होतं, पण होतं. ती माझ्यासाठी नव्या भाताचे पोहे पिशवीत घालून वर्गात घेऊन आली. आम्ही मागच्या बाकावर बसून ते कोरडेच खाल्ले. "आता न्हाय विकत," ती म्हणाली, गेटच्या आत, भर वर्गात, मोठ्यानं. मला वाटलं झालं, आपण एक गोष्ट वाचवली. वयच तसं होतं. काही करता येतं असं वाटायचं.

दिवाळीनंतर डंपर आले. शेठच्या पलीकडच्या जमिनींवर भराव टाकायला. रस्ता होताच. गाड्या दिवसभर बांधावरून जात, तिवरांवर माती ओतत आणि रिकाम्या होऊन परत येत. आम्ही दोघी एकदा जाऊन मध्ये उभ्या राहिलो, अगदी वर्तमानपत्रात वाचल्यासारखं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि न चिडता म्हणाला, "मॅडम, रस्ता बना है तो गाडी आयेगी ना." तो थोडा वेळ थांबला, मग त्यानं हलकेच हॉर्न दिला आणि आम्ही बाजूला झालो. मागे अजून गाड्या उभ्या होत्या.

अर्ज केले. एका कचेरीत म्हणाले बांध आमच्याकडे येत नाही, दुसरीत म्हणाले तिवर आमच्याकडे येत नाहीत, तिसरीत एका साहेबांनी आमच्याच शिबिराचं कात्रण काढून दाखवलं आणि विचारलं, "हा रस्ता तुमच्याच कॉलेजनं केलाय ना? मग तक्रार कसली?" सरांकडे गेलो तेव्हा ते खरोखर हादरले. शेठला फोन लावला, तो उचलला गेला नाही. त्या वर्षाअखेर त्यांची बदली दुसरीकडे झाली. जाताना त्यांनी मला वर्गाबाहेर गाठून विचारलं, "मी काय चुकलो गं?" मला त्यांना पंगतीची रीत सांगता आली असती. मी म्हटलं, काही नाही सर. सांगून काय झालं असतं? एका भल्या माणसाला जन्मभर जेवण गोड लागलं नसतं, एवढंच.

गाड्यांच्या वजनानं उघाडीची दगडी चौकट खचली आणि झडप अडकून बसली. कायमची बंद. बांध इतका पक्का झाला होता की खाडीचं एक थेंब पाणी आत येत नव्हतं आणि शेतातलं एक थेंब बाहेर जात नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात भाताची रोपं पाण्याखाली कुजली. वास रस्त्यापर्यंत यायचा. मैत्रीण बापाला विनवत होती की उघाडीपुरता रस्ता उकरून काढा, चौकट पुन्हा बसवा, जमीन आपली आहे, कोण अडवतो बघू. मी तिथंच होते. ते पाण्यात उभे राहून कुजलेल्या रोपांचा चूड हातात घेऊन पाहत होते.

"बांधावर बसून दिलेला हाय," ते म्हणाले. "परत कसा मागू?"

"पण सरांना काय ठाऊक व्हतं?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्यांनी रीतीनं मागितलाच न्हाय."

"मी रीतीनं दिला ना?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. ज्या गावात घरटी एक माणूस यायची रीत मेली, बांधावर चाक न चढवायची रीत मेली, तिथं हा एकटा उरलेली एक रीत कवटाळून बसला होता, आणि नेमकी तीच त्याला बुडवत होती. पण मैत्रिणीनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. दिवाळीआधी शेत शेठला गेलं.

दशक सरता सरता मी तासिका तत्त्वावर एका कॉलेजात लागले आणि मला काय शिकवायला दिलं असेल ते सांगायला नको. प्रकल्पासाठी मुलांना कुठं न्यायचं, प्रायोजक कुठून आणायचा, हे आता मी पाहायचं होतं. पहिल्याच बैठकीत एकानं सुचवलं की गोडाऊनवाल्यांकडे जाऊ, ते अशा कामांना नाही म्हणत नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. नोकरी कच्ची होती. शेवटी आम्ही कंपाउंडच्या भिंतीलगत झाडं लावली, त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून.

त्याच सुमारास मैत्रीण बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून मी तिला भेटायला गेले. रिक्षा थेट दारापर्यंत गेली. गावाच्या वळणापासून पुढे सगळा तोच मुरमाचा रस्ता, आता वर डांबर चढलेला, दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोडाऊनं. खाडी दिसत नव्हती. एखाद्या वळणावर वास तेवढा यायचा. काकांनीही आता बंगला बांधला होता, गुळगुळीत पायऱ्यांचा. हॉलमध्ये भिंतीवर आमच्या शिबिराचा फोटो फ्रेम करून लावलेला होता. पुढच्या ओळीत सर, चिखलाच्या पँटीत, हसत.

मैत्रीण बाळाला घेऊन आत पडली होती. आम्ही सासरचं बोललो, बाळाच्या काविळीचं बोललो. फोटोकडे आम्ही दोघींनी पाहिलं नाही. बाहेर आले तेव्हा काका व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले होते. मला पाहून त्यांना बरं वाटलं.

"गुरुजी भेटतात का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. खूप लांब असतात आता."

"भेटले तर सांग, रस्ता टिकून हाय. एवढ्या गाड्या जातात, पण कुठं खचला न्हाय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, मला सापडला नाही. सरांनी मागितलेली वस्तू चांगली निघाली, एवढंच त्यांना कळवायचं होतं.

आतून भांड्यांचा आवाज आला. त्यांचं खरकटं ताट अजून खुर्चीशेजारी खाली होतं, कडेला थोडा भात राहिलेला, पांढराशुभ्र, लांब दाण्याचा. निघताना काहीतरी बोलायचं म्हणून, आपण सगळ्यांनाच विचारतो तसं, मी विचारलं, "जेवण झालं का काका?"

त्यांनी खाली ताटाकडे पाहिलं.

"पोट भरलं," म्हणाले.